वरची की खालची

जेवताना आमचे हे एका दुसऱ्या बाईबद्दल बोलायला लागले, तेव्हा माझा घास हातातच राहिला. तसं जेवताना हे बोलत नाहीत. भाजीत मीठ घालायचं राहिलं तरी मुकाट्याने जेवून उठतात, आणि मी स्वतः पहिला घास घेतल्यावर मला कळतं की आज काय घडलंय. अशा माणसाने ताटावरून मान वर करून म्हणावं, "आज त्या नवीने कमाल केली."

"कोण नवी?"

"अगं ती नाही का, आमच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या हाताखाली घेतलेली."

आणि एवढं बोलून ह्यांनी भाजी मागून घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी स्वतःहून भाजी मागितलेली मला आठवत नाही. मी वाढली, पण डाव पातेल्यात जरा जोरातच आपटला.

हे एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत आहेत. शहरातली सगळ्यात मोठी. खाली रक्त घ्यायच्या खिडक्या, वर तपासणीची यंत्रं, आणि मागच्या बाजूला एक बिनखिडकीची, सदा थंडगार खोली. त्या खोलीत सर्व्हर आहेत आणि सर्व्हरबरोबर आमचे हे. उन्हाळ्यातही स्वेटर घालून ऑफिसला जाणारा आमच्या गल्लीतला हा एकच माणूस. शेजारणी पहिल्यांदा विचारायच्या, ह्यांना बरं नाही का म्हणून. मी तरी किती जणींना समजावणार.

चिकटले तिथे रिपोर्ट टाइप करायला. प्रयोगशाळा ज्यांची, त्या डॉक्टरीणबाईंनी एक दिवस ठरवलं की आता सगळे रिपोर्ट एका मोठ्या मशीनवर ठेवायचे. मशीन आलं. कंपनीच्या माणसाने खोकं फोडलं, वायरी जोडल्या आणि घरून फोन आला म्हणून तो जो गेला तो गेलाच. बाकीचे टायपिस्ट मशीनभोवती एक फेरी मारून आपापल्या खुर्चीत जाऊन बसले. हे मात्र जाड मॅन्युअल घेऊन मशीनसमोर बसले, आणि त्यानंतर कायम तिथेच बसले.

त्या दिवशी हे जेवायला घरी आले नाहीत म्हणून मी डबा घेऊन गेले होते. ह्यांनी मला त्या थंड खोलीत स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगितलं. मशीनच्या पोटात दोन डिस्क आहेत, एक वर, एक खाली. त्यांची जोडी लावायची. म्हणजे एकीवर जे लिहिलं जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जाईल. एक बिघडली तरी दुसरी सगळं सांभाळते, बाहेर खिडकीवरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. मग बिघडलेली काढायची, तिच्या जागी कोरी घालायची, की चांगली डिस्क आपल्याकडचं सगळं त्या कोरीवर उतरवून देते. याला ते लोक मिररिंग म्हणतात.

पडद्यावर प्रश्न आला होता: दोन्ही डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? ह्यांचं बोट बटणापर्यंत जाई आणि परत येई.

"कोऱ्याच आहेत ना दोन्ही?" मी म्हटलं. "मग दाबा की."

"कोऱ्या आहेत असं आपल्याला वाटतं," हे म्हणाले.

शेवटी दाबलं. मग आम्ही दोघं ते टक्के वाढताना बघत बसलो. डबा गार झाला. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण त्या पहिल्या जोडीच्या वेळी ह्यांच्या शेजारी स्टुलावर कोण बसलं होतं, ते एकदा स्पष्ट झालेलं बरं.

काम झाल्यावर ह्यांनी पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन तुकडे कापले. वरच्या डिस्कवर एक लिहून चिकटवला, खालच्या डिस्कवर दोन. आणि मला हसत म्हणाले, "खरं तर मशीन शून्यापासून मोजतं. त्याच्या लेखी वरची शून्य आणि खालची एक. पण शून्य नंबरची डिस्क म्हटलं तर लोक माझ्याकडे कसे बघतील?"

"मग मशीन 'एक' म्हणेल ती तुमची 'दोन' होणार. घोळ नाही व्हायचा?"

"माझ्या डोक्यात आहे ना," हे म्हणाले.

डोक्यात होतं खरं. पुढे आणखी मशीनं आली, त्यांच्यावर कारखान्यातूनच नंबर छापून आले, शून्यापासून. पट्ट्या राहिल्या फक्त त्या पहिल्या मशीनवर, आणि सगळ्या शहराचे रिपोर्ट अजून त्याच मशीनवर. मधल्या वर्षांत त्याच्या डिस्क कितीदा बदलल्या, पण प्रत्येक वेळी ह्यांनीच बदलल्या आणि जुनी पट्टी सोडवून नवीवर चिकटवली.

त्या जोड्या लावता लावता माणूस असा झाला की घरात एक वस्तू राहू देईना. दोन छत्र्या, दोन गजर, चष्मे दोन, कुलुपाच्या किल्ल्या तर विचारूच नका. ऑफिसात ह्यांना डबलकाका म्हणतात. तिथल्या कोणीतरी एकदा माझ्यासमोर ह्यांना विचारलं, "मग घरी कसं काय एकीवर भागवता?" सगळे हसले. मीही हसले. तेव्हा हसू येत होतं.

तर ही नवी.

ह्यांची निवृत्ती जवळ आली होती. बाईंनी पूर्वी कधीतरी बोलता बोलता म्हटलं होतं, "तुम्हाला मी सोडणार नाही, तुमच्याशिवाय हे कोणाला जमतं?" त्या एका वाक्यावर आमच्या ह्यांनी पुढची सगळी वर्षं मनातल्या मनात मांडून ठेवली होती. निवृत्तीनंतरही आपण रोज स्वेटर घालून जाणार, फोन आपल्यालाच येणार. ह्यांच्या वयाचे लोक बागेत फिरायला जातात, ह्यांना बागेचं नाव काढलं तरी अंगावर काटा येई. आणि मग बाईंनीच ह्यांना खोलीत बोलावून म्हटलं, "इथली प्रत्येक गोष्ट तुम्ही दोन करून ठेवलीत. एकटे फक्त तुम्ही आहात. उद्या तुम्ही आजारी पडलात तर मी काय करू?"  हे स्वतः आयुष्यभर तेच तर सगळ्यांना सांगत आले होते.

म्हणून ती आली. तिला सगळं शिकवायचं, आणि ती शिकली की ह्यांची गरज संपली. हा हिशेब मला पहिल्या दिवशी कळला असता तर माझं निम्मं रक्त आटायचं वाचलं असतं. पण मला दिसत होतं ते वेगळंच. पहिल्या आठवड्यात ती "त्या मॅडम" होती. मग "ती नवी" झाली. मग एकदा फोनवर हे म्हणाले, "अगं तसं नाही गं, आधी तो दिवा बघ." अगं. दोनदा. मी कपडे वाळत घालत होते, हातातला ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून ऐकत उभी राहिले, अर्धं पातळ भिजलं. मला हे "अगं" म्हणायला लागायला सहा महिने लागले होते.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. शेवटी ह्यांचा चष्मा घरी राहिल्याचं निमित्त करून मी ऑफिसात गेले. आता, ह्यांचा दुसरा चष्मा ऑफिसच्या खणात असतो हे मला माहीत होतं, आणि ते मला माहीत आहे हे ह्यांनाही माहीत होतं. पण ह्यांनी चष्मा घेऊन खिशात टाकला.

मनात मी तिचं एक चित्र रंगवून ठेवलं होतं: शेलाटी, मोकळे केस, हसली की गालाला खळी. बघते तर पस्तिशीची एक ठेंगणी बाई, केस क्लिपमध्ये कसेतरी कोंबलेले, खांद्यावर लहान मुलाने उलटी केल्याचा पुसट डाग, आणि अंगात ह्यांचा जुना तपकिरी स्वेटर. तिला थंडी वाजत होती म्हणून ह्यांनी दिला होता. तो स्वेटर मी विणला होता.

"या ना काकू, बसा," ती म्हणाली आणि माझ्यासाठी स्टूल पुढे ओढलं. माझ्याच स्टुलावर मला बस म्हणत होती. आणि काकू कशाला? वहिनी म्हणता येत नव्हतं?

घरी येताना मला बरं वाटायला हवं होतं, कारण त्या बाईकडे बघून कुणाचा संसार मोडेल असं वाटत नव्हतं. पण स्वेटर डोळ्यांपुढून हलेना.

त्यानंतर मी ह्यांचं बोलणं नीट कान देऊन ऐकायला लागले, आणि मग हळूहळू उलगडा झाला. हे तिचं कौतुक करायचे, पण कौतुकाच्या शेपटीला काटा असायचा. "हुशार आहे. जरा जास्तच घाई करते." "सगळ्या मशीनची तब्येत एका पडद्यावर दिसेल असं काहीतरी केलंय तिने. बाईंना फार आवडलं. मी रोज सकाळी स्वतः फिरून बघतो, ते कोणाला आवडलं नव्हतं." एकदा तिने एक मेलेली डिस्क एकटीने बदलली, जोडी पुन्हा लागली, आणि हे तिथे फक्त हाताची घडी घालून उभे. त्या रात्री हे जेवलेच नाहीत. पोटात दुखतंय म्हणाले. मी मनात म्हटलं, दुखणारच.

ह्यांना ती आवडत नव्हती. ह्यांना ती खुपत होती. आमचे हे, ज्यांनी कधी भावाच्या मोठ्या घराकडे मान वर करून पाहिलं नाही, ते त्या ठेंगण्या बाईला पाण्यात पाहत होते. माझा जीव भांड्यात पडला. पण तो काही तिथे फार वेळ टिकला नाही. कारण माणूस दुसऱ्या बाईवर भाळला तर बायकोला निदान भांडता तरी येतं. हा माणूस दिवसभर त्या बाईचा विचार करत होता, उठल्यापासून झोपेपर्यंत, आणि त्यावर मी भांडायचं ते कशावरून? तिच्यावर जळता जळता ह्यांच्या डोक्यात माझ्यासाठी जागाच उरली नव्हती. मग मी काय करणार, मी माझं जळणं चालू ठेवलं. एका घरात दोघं जळत होतो, एकाच बाईवर, आणि तिला बिचारीला दोघांचाही पत्ता नव्हता.

शिकवलं मात्र ह्यांनी मनापासून. शिकवताना ह्यांना कंजूषपणा जमत नाही. जोडी कशी लावायची, तुटली तर कशी ओळखायची, नवी डिस्क जुनीपेक्षा लहान का चालत नाही, भरत असताना मशीनला हात का लावायचा नाही, सगळं. पण एक दिवस चहा पिताना आपणहून म्हणाले, "पट्ट्यांचं तिला सांगितलेलं नाही अजून."

"कुठल्या पट्ट्या?"

"जुन्या मशीनच्या. एक-दोनच्या."

"मग सांगा की."

"सांगतो ना. घाई काय आहे."

काही दिवसांनी मी पुन्हा विचारलं. "कळेल तिचं तिला," म्हणाले आणि पेपर तोंडापुढे धरला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्यांनी हातचं राखलंय. सगळं देऊन टाकलं आणि ही एवढीशी गोष्ट मुठीत धरून बसलेत, की यासाठी तरी माझ्याकडे यावं लागेल. मी गप्प बसले. ते चूक आहे हे मला कळत होतं. पण सगळ्या जगात ती गोष्ट आम्हा दोघांनाच माहीत होती, ह्यांना आणि मला, आणि त्या बाईला माहीत नव्हती. याचं सुख मी नाकारणार नाही.

मग ह्यांच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. डॉक्टरांनी तारीख दिली. हे तारीख पुढे ढकलू पाहत होते, पण बाईच म्हणाल्या, "जाऊन या निश्चिंत. आता ती आहे ना." ह्यांचा चेहरा असा झाला की डोळ्याचं ऑपरेशन बिनाभुलीचं करणार आहेत असंच वाटावं.

ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीपासूनच अधू. मी ह्यांना उशांना टेकवून बसवलं आणि फोन वाजला. ह्यांना पडद्यावरचं काही दिसेना म्हणून मीच उचलला आणि स्पीकरवर टाकून ह्यांच्यापुढे धरला.

"सर, डोळा कसा आहे?"

"ठीक आहे. बोल."

"सर, जुन्या मशीनने इशारा दिलाय. डिस्क एक खराब होत चाललीय म्हणतंय. अजून बंद पडलेली नाही, दोन्हीचे दिवे हिरवेच आहेत. म्हटलं, पडायच्या आधीच बदलून टाकावी. नवी डिस्क हातात आहे. एक म्हणजे वरची ना, सर? पट्टीवर वरती एक लिहिलंय, तुमचंच अक्षर आहे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. मशीनची एक म्हणजे खालची. मला माहीत होतं, ह्यांना तर माहीत होतंच. एक शब्द बोलायचा होता.

ह्यांचा उघडा होता तो अधू डोळा समोरच्या भिंतीवर. फोनमधून त्या खोलीतल्या पंख्यांची घरघर ऐकू येत होती, मला ती ओळखीची आहे. मला वाटलं, हे आता सांगणार. किती आनंदाने सांगतील, याच क्षणासाठी तर राखून ठेवलं होतं.

"हं," हे म्हणाले. "वरची. काढ."

मला आधी वाटलं मीच चुकीचं ऐकलं. वरची धडधाकट डिस्क होती. ती काढून तिच्या जागी कोरी घातली असती, तर मशीनने ती कोरी भरायला घेतली असती खालच्या आजारी डिस्कवरून. एवढं सगळं वाचून काढायचं म्हणजे आजारी डिस्कचा जीव जायची वेळ. मध्येच गेली असती, की दोन्ही हातच्या गेल्या. आदल्या दिवशीपर्यंतच्या कामाची प्रत दुसरीकडे असते, पण काढलेल्या डिस्कवर ती काढेपर्यंतचंच राहिलं असतं, त्यानंतरचं सगळं बुडालं असतं. खाली खिडकीवर उपाशीपोटी रक्त देऊन गेलेल्या माणसांना परत बोलावून पुन्हा सुया टोचाव्या लागल्या असत्या. आणि मग बाईंनी कोणाला बोलावलं असतं, ते सांगायला नको.

माझं तोंड उघडलं होतं. पण तिकडून तीच म्हणाली, "एक मिनिट हं सर. काढायच्या आधी दिवा लावून बघते."

मला तोवर हे माहीत नव्हतं. मशीनला सांगितलं की अमुक नंबरची डिस्क दाखव, तर त्या डिस्कचा दिवा लुकलुकायला लागतो. साधी सोय आहे, पहिल्यापासून होती. ह्यांनी ती कधी वापरली नाही, कारण ह्यांच्या डोक्यात होतं ना.

बटणं दाबल्याचा आवाज आला. 

"सर," ती म्हणाली. आवाज तोच, पण सावकाश. "खालचीचा दिवा लुकलुकतोय."

ह्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"खालची काढते, सर. आणि या पट्ट्या बदलून टाकते. तुम्ही आराम करा."

फोन बंद झाला. मी तो उशाशी ठेवला, पांघरूण सारखं केलं, मग विचारलं, "तुम्ही वरची का म्हणालात?"

"विसरलो."

आमच्या मुलीचा पहिला दात कुठल्या वारी पडला ते ह्यांना आठवतं. पहिल्या टाइपरायटरचं कुठलं बटण अडकायचं ते आठवतं. मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "ज्यांनी तुमचं काही बिघडवलं नाही अशा माणसांना पुन्हा सुया टोचवणार होतात तुम्ही. त्यात लेकरंही असतात. एका बाईवरचा राग काढायला." ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवून कूस बदलली. नेमकी ऑपरेशन झालेली बाजू खाली गेली. त्या बाजूवर झोपायचं नव्हतं, म्हणून भांडण अर्धवट सोडून मला ह्यांना धरून सरळ करावं लागलं.

पट्टी निघाली, काळा चष्मा आला. पडद्याकडे बघायची मनाई होती. हे दिवसभर खुर्चीत, फोन मांडीवर. आधी रोज दहादा वाजणारा फोन. तो वाजेना. तिने एकदा करावं, काही विचारावं, निदान डोळ्याची चौकशी करावी. छे. बाईंचा मात्र एकदा आला, माझ्याच फोनवर. "त्यांना सांगा, हवी तेवढी रजा घ्या. नवी सगळं बघतेय, काही अडत नाहीये." किती गोड बोलल्या. मी निरोप सांगितला, शब्दही न बदलता. ह्यांनी फक्त मान हलवली. त्या दुपारी हे पहिल्यांदा माझ्याबरोबर बागेत फिरायला यायला तयार झाले, आणि बागेत एका बाकावर काळा चष्मा लावून बसले तर मला ते इतके म्हातारे दिसले की मी लगेच घरी चला म्हटलं.

"फोनचा आवाज बंद झालाय का गं? बघ जरा," हे तासातासाने विचारायचे.

"चालू आहे."

"मग बिघडला असेल."

असं किती वेळा ऐकायचं? एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते, ह्यांनी बाहेरून पुन्हा तेच विचारलं. म्हटलं, एकदा वाजवूनच दाखवावा. मी माझ्या फोनवरून ह्यांचा नंबर लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला. काळ्या चष्म्यातून कोणाचा आहे ते ह्यांना दिसलंच नसणार.

"हं, बोल गं," हे म्हणाले. माझ्याशी कधी बोलत नाहीत इतक्या हळू. "आधी माझं ऐकून घे. मला माहीत होतं. खालची आहे हे त्या दिवशी मला पक्कं माहीत होतं. तू विचारलंस आणि मी... ऐकतेयस ना?"

मी फोन बंद केला.

ओट्याला धरून उभी राहिले. मला "विसरलो" म्हणून सांगितलं होतं. माझ्यासमोर भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. मी इतकी ओरडले, समजावलं, विचारलं, तेव्हा ओठ उघडले नाहीत, आणि तिच्यासाठी हे सगळं तोंडात तयार ठेवलं होतं, नुसत्या रिंगची खोटी. स्वेटर दिला तेव्हाही माझं इतकं पित्त खवळलं नव्हतं.

बाहेर गेले तर हे खुर्चीत पुढे सरसावून बसलेले, फोन अजून कानाशी. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा रंग आला होता.

"तिचा होता," हे म्हणाले. "मध्येच तुटला."

"रेंज नसेल," मी म्हटलं. "करेल परत."

आणि आत येऊन मी तिचा नंबर लावला. ह्यांनीच कधीतरी मला अडीअडचणीला म्हणून लिहून दिला होता.

"काकू? सर बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तू फोन का करत नाहीस त्यांना?"

"काम पडलं नाही, काकू."

"काम नसलं तरी कर."

 मागे लहान मूल रडत होतं, त्याला तिने कोणाकडे तरी दिलं असावं, आवाज लांब गेला. मग म्हणाली, "काकू, त्यांना माहीत होतं ना?"

हो म्हणणं माझ्या अगदी जिभेवर होतं. मी म्हटलं असतं तर ते माझ्याकडून तिला कळलं असतं, आणि ह्यांच्याकडे तिला सांगायला काहीच उरलं नसतं.

"ते तू त्यांनाच विचार," मी म्हटलं. "आत्ता विचार."

"बरं," ती म्हणाली.

बाहेर फोन वाजला. ह्यांनी उचलला, आणि पुन्हा तोच हळू आवाज सुरू झाला. शब्द कळत नव्हते, पण दारापर्यंत दोन पावलं टाकली असती तर कळले असते. मला ऐकायची फार इच्छा होती. म्हणून मी नळ पूर्ण सोडला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.